गाव रिकामं होतंय, मग तिथे आर्ट कशाला? जपानचं एचिगो-त्सुमारी प्रकरण साध्या मराठीत

जपानच्या निईगाता प्रांतात, डोंगरात, दर तीन वर्षांनी एक आर्ट फेस्टिव्हल भरतो, एचिगो-त्सुमारी आर्ट ट्रिएनाले, आणि तो बघून आलेल्या माणसाची पहिली तक्रार असते अंतरांची. एक कलाकृती बघून झाली की पुढची दहा किलोमीटरवर, मधे घाट, बस दिवसातून मोजक्याच, नकाशात शेजारी दिसलेलं गाव प्रत्यक्षात दरीच्या पलीकडे. एवढं करून पोचावं तर समोर एक जुनं रिकामं घर, नाहीतर बंद पडलेली शाळा, नाहीतर भाताच्या शेतात उभे केलेले पिवळे खांब. लोक वैतागतात. आणि हा वैताग आयोजकांनी मुद्दाम ठेवलाय! तो का ठेवला हे कळलं की हा सगळा प्रकार काय आहे ते निम्मं तरी कळतं, म्हणून तिथपर्यंत जरा सावकाश जाऊया.

आधी जागा. तोकामाची हे शहर आणि शेजारचं त्सुनान मिळून साधारण ७६० चौरस किलोमीटरचा पट्टा, म्हणजे अख्ख्या मुंबईपेक्षा मोठा, आणि त्यात विखुरलेल्या दोनशेच्या आसपास वस्त्या. टोक्योहून शिंकान्सेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, सव्वा-दीड तासात एचिगो-युझावा, तिथून होकुहोकु लाइनची छोटी गाडी पकडून तोकामाची किंवा मात्सुदाई. म्हणजे तसं लांब नाही. पण हिवाळा आला की इथे दोन-तीन मीटर बर्फ साचतो, आणि हे कोणी फुगवून सांगत नाहीये, त्सुनानला लागूनच असलेल्या मोरिमियानोहारा स्टेशनात फेब्रुवारी १९४५ मधे ७.८५ मीटर बर्फाची नोंद झालेली आहे. दोन मजली घर आत गडप होईल एवढा.

जमीन बघाल तर घसरणारी, उताराची, सपाट तुकडा शोधावा लागतो. तरी लोकांनी इथे भातच पिकवला. उतार कोरून पायऱ्यापायऱ्यांची खाचरं केली, आणि जिथे नदी मोठं वळण घेते तिथे वळणाच्या अरुंद भागात डोंगर कापून नदीला सरळ वाट काढून दिली आणि जे जुनं पात्र कोरडं पडलं त्यात शेत केलं. कुदळ-फावड्याने, पिढ्यान् पिढ्या. तांदूळ खायचा म्हणून नदी हलवणारी माणसं आहेत ही, हे डोक्यात ठेवा, पुढे लागणार आहे. इथला कोशिहिकारी तांदूळ आज जपानमधल्या महागड्या तांदळांमधे मोडतो ते उगाच नाही.

मग एवढं करून वसवलेली गावं रिकामी का झाली? एक तर बर्फाचे महिने शेती बंद, त्यामुळे पुरुष हिवाळाभर टोक्योच्या बाजूला बांधकामावर, कारखान्यात कामाला जायचे आणि वसंतात परत यायचे. आपल्या कोकणातला चाकरमानी डोळ्यासमोर आणा, फक्त यांचं येणं-जाणं बर्फाच्या वेळापत्रकावर. पुढे पुढे जाणारा परत येईनासा झाला. दुसरं म्हणजे जपानी माणूस भात कमी खायला लागला, गोदामं तांदळाने भरली, आणि १९७० च्या सुमारास सरकारने धोरण आणलं की भात कमी लावा, त्याबद्दल पैसे देतो. हे धोरण थेट २०१८ पर्यंत चाललं. आता विचार करा, ज्याच्या आजोबाने नदी कापून खाचर केलं त्याला सरकार सांगतंय की ते पडीक ठेव. आणि कमी लावायचंच म्हटल्यावर आधी सुटणार कुठलं खाचर, तर डोंगरातलं, जिथे ट्रॅक्टर नीट वळत नाही. तोकामाचीचा किमोनोच्या रेशमी कापडाचा धंदाही उतरला, कारण रोज किमोनो नेसणार कोण. पोरं गेली, शाळा बंद पडल्या, मागे राहिली म्हातारी माणसं आणि छपरावरचा बर्फ.

इथून एक चमत्कारिक गोष्ट टोक्योला जाते, वीज. शिनानो ही जपानची सगळ्यात लांब नदी याच खोऱ्यातून वाहते, तिचं पाणी वळवून रेल्वे कंपनी वीज बनवते आणि त्यावर टोक्योच्या लोकल धावतात. मधे तर परवानगीपेक्षा जास्त पाणी उचलल्याचं उघडकीला आलं आणि २००९ मधे कंपनीचा पाण्याचा हक्कच काढून घेतला होता, पुढच्या वर्षी परत मिळाला. तर माणसं टोक्योला, पाणी टोक्योसाठी. गावाच्या मनात राजधानीबद्दल काय साचलं असेल ते सांगायला नको.

नव्वदच्या दशकात निईगाता प्रांताच्या सरकारने जवळजवळच्या नगरपालिकांना एकत्र आणायची योजना काढली. नेहमीसारखं झालं असतं तर रस्ता, पूल, एखादा मोठा हॉल, त्यावर मंत्र्यांच्या नावाची पाटी. पण या सहा नगरपालिकांच्या भागासाठी त्यांनी फ्राम कितागावा या माणसाला बोलावलं. कितागावा मूळचे निईगाताचेच, १९४६ चा जन्म, टोक्योत आर्ट गॅलरी चालवणारे. त्यांनी सांगितलं इथे कंटेम्पररी आर्टचा, म्हणजे आजच्या काळातल्या कलेचा, फेस्टिव्हल करू. एक मोठं म्युझियम बांधून सगळं एका छपराखाली आणायचं नाही, उलट गावागावात, शेताशेतात पसरून टाकायचं. म्हणजे बघणाऱ्याला गावातून जावंच लागेल, रस्ता चुकेल, कोणालातरी विचारावं लागेल, घाम येईल, तहान लागेल, एखादी आजी काकडी हातात देईल. त्यांच्या डोक्यात कलाकृती हे त्या रस्त्याने जायचं निमित्त होतं. त्यांना हेही म्हणताना अनेकांनी ऐकलंय की आपल्याला तिथल्या म्हाताऱ्या माणसांच्या चेहऱ्यावर हसू बघायचं होतं. आता उलगडलं ना, अंतरं का तशी ठेवली?

ऐकायला छान वाटतं. पण १९९५-९६ सालच्या एखाद्या शेतकऱ्याच्या बाजूने बघा. टोक्योहून कोणीतरी येतो, म्हणतो तुमच्या खाचरात एक परदेशी माणूस शिल्प उभं करेल. कशासाठी? आर्टसाठी. पैसे मिळणार? नाही. मग तांदूळ जास्त पिकणार? नाही. लोकांनी साफ उडवून लावलं. नगरसेवकांचा विरोध, नागरिकांचा विरोध, वरून पैसा सरकारी असल्याने आमच्या कराचे पैसे कुठे घालवताय हा अगदी रास्त प्रश्न. पहिला फेस्टिव्हल १९९९ ला व्हायचा होता तो वर्षभर लांबला. त्या चार-पाच वर्षांत दोन हजारांहून जास्त बैठका झाल्या असं सांगतात, गावाच्या समाजमंदिरात, कोणाच्या घरी, चहावर, नाहीतर साके या तांदळाच्या दारूवर. २००० साली अखेर झाला तेव्हा फक्त २८ गावांनी जागा दिली होती.

आता जरा थांबून कंटेम्पररी आर्टचं बघू, कारण अनेक जण इथेच गळतात. "यात कला कुठेय, हे तर मीही केलं असतं" हा प्रश्न कायमचा आहे आणि तो विचारण्यात काही चूक नाही. पण या प्रकारच्या कलेत वस्तू एकटी कधीच नसते. ती कुठे ठेवली, त्या जागेचा इतिहास काय, कोणी परवानगी दिली, कोणी हात लावला, हे सगळं धरून ती कलाकृती. म्हणून तीच वस्तू उचलून मुंबईच्या गॅलरीत ठेवली तर खरंच फालतू वाटेल, आणि वाटायलाच पाहिजे. नुसत्या व्याख्येने हे डोक्यात शिरणार नाही, म्हणून पहिल्याच फेस्टिव्हलचं एक काम जरा तपशिलात सांगतो.

इल्या काबाकोव्ह आणि त्यांची बायको एमिलिया, सोव्हिएत युनियनमधून बाहेर पडलेलं जोडपं, तेव्हाच जगभर नाव असलेले कलाकार. ते मात्सुदाईला आले, स्टेशनपासून दिसणारी समोरच्या डोंगरावरची खाचरं त्यांना आवडली, तिथे काम करायचं ठरलं. पण त्या खाचरांच्या मालकाला हे नको होतं. एक तर जमीन वाडवडिलांची, त्यात परक्या माणसाने काही रोवायचं म्हणजे काय, आणि दुसरं म्हणजे तो स्वतःच शेती सोडायच्या विचारात होता, शरीर साथ देत नव्हतं. काबाकोव्हनी मग काय केलं, इथली भातशेती वर्षभर कशी चालते त्याचा अभ्यास केला. नांगरणी, पेरणी, लावणी, कापणी, आणि मग तांदूळ शहरात नेऊन विकणं. त्या कामांच्या, निळ्या-पिवळ्या रंगातल्या माणसांच्या सपाट आकृत्या त्यांनी चितारल्या, वेगवेगळ्या पायरीवर वेगवेगळं काम करणाऱ्या. आणि नदीच्या अलीकडे बघायला एक जागा केली, तिथे हवेत लटकवलेली अक्षरं, त्या कामांचं वर्णन करणारी कविता. तुम्ही योग्य ठिकाणी उभे राहिलात की अक्षरं आणि पलीकडच्या खाचरातली माणसं एकावर एक बसतात, जणू चित्रांच्या पुस्तकाचं पान उघडलंय, फक्त कागदाच्या जागी खरा डोंगर.

मालकाला तो बेत दाखवल्यावर त्याचं मन पालटलं. त्याला त्या चित्रांत त्याचं आणि त्याच्या बापजाद्यांचं काम दिसलं. परवानगी मिळाली, काम झालं, आणि खरी मजा पुढे आहे, त्याने शेती सोडायचा बेत पुढे ढकलला. कारण खाचर पडीक पडलं, गवत माजलं तर कलाकृती मरते, तिला पाणी भरलेलं, लावणी केलेलं, पिवळं पडलेलं, कापलेलं शेत लागतं. आणखी काही वर्षं त्याने ते कसलं, मग अगदीच जमेना तेव्हा फेस्टिव्हलच्या माणसांनी ती खाचरं कसायला घेतली. आज इल्या काबाकोव्ह नाहीत, २०२३ ला गेले, पण तिथे लावणी होते. मला विचाराल तर शिल्प म्हणून त्या आकृत्या ठीकठाक आहेत, फार ग्रेट नाहीत. ग्रेट आहे ती ही अट, की शेती चालू राहिली तरच हे चित्र दिसेल.

एकदा ही गोष्ट डोक्यात बसली की बाकीची कामं वाचता येतात. सुरुवातीला पिवळ्या खांबांचा उल्लेख केला ना, ते युकिहिसा इसोबे यांचं काम, तेही २००० चं. शिनानो नदी पूर्वी कुठून कशी वळत जायची ते त्यांनी शोधलं आणि त्या जुन्या वळणावर, आताच्या भाताच्या शेतांतून, साडेतीन किलोमीटरभर शेकडो पिवळे खांब रोवले. बस्स, एवढंच. वरून बघितलं की हिरव्या शेतात पिवळी नदी. धरणं, वीज, पाणी कुठे गेलं या सगळ्यावर एकही घोषणा नाही, पण ज्याला कळायचं त्याला कळतं. खांब रोवायला किती शेतकऱ्यांची परवानगी लागली असेल याचा हिशोब करून बघा, एकाने जरी नाही म्हटलं तर नदी मधेच तुटते! पुढे १२ मार्च २०११ ला पहाटे, मोठ्या त्सुनामीच्या दुसऱ्याच दिवशी, इथे भूकंप झाला आणि एका ठिकाणी डोंगराचा चिखल-दगड वाहून खाली आला. २०१५ ला इसोबेंनी परत तसेच पिवळे खांब तिथे लावले, चिखल कुठपर्यंत आला त्याची रेघ.

भूकंपाचा विषय निघालाच आहे तर २००४ चा सांगायलाच पाहिजे. २३ ऑक्टोबर २००४, चुएत्सु भूकंप, ६.८ रिश्टर. आधीच रिकाम्या होणाऱ्या गावांत घरं खिळखिळी झाली आणि आधीच जाऊ की राहू करत असलेली कुटुंबं गाव सोडून गेली. या भूकंपानंतर फेस्टिव्हलचा रोख जास्त करून रिकाम्या घरांकडे वळला. पाडायचा खर्च मोठा, ठेवायचं तर हिवाळ्यात छपरावरचा बर्फ पुन्हा पुन्हा उतरवायला हवा नाहीतर घर बसतं. मग ते घर एखाद्या कलाकाराला द्यायचं.

गान्न्यू नावाच्या हातावर मोजण्याइतक्या घरांच्या वस्तीत १९२४ चं गवती छपराचं घर होतं, भूकंपात मोडकळीला आलेलं. ते दुरुस्त करून त्यात नामांकित कुंभारकलावंतांकडून चूल, हात धुवायचं बेसिन, न्हाणीघर, ताटवाट्या सगळं मातीचं करून घेतलं, आणि २००६ पासून गावातल्या बायका तिथे स्वयंपाक करून पाहुण्यांना जेवायला घालतात. डोंगरातल्या भाज्या, गावचा तांदूळ. कलाकृती बघायला आलेला माणूस कलाकृतीतच जेवतो.

दुसरं एक घर दीडशे वर्षांच्या वरचं, तोगे नावाच्या वाडीत. निहोन विद्यापीठाच्या कलाविभागाचे विद्यार्थी, शिल्पकार जुनइची कुराकाके यांच्याबरोबर, दोनेक वर्षं येऊन येऊन त्या घराची जमीन, खांब, भिंती, तुळया, सगळं छिन्नीने कोरत बसले. इंच न इंच. काळपट लाकडावर सगळीकडे छिन्नीचे पांढरट घाव, आत शिरलं की घराला खवले आल्यासारखं वाटतं. यात कल्पना तशी साधीच आहे, पण एवढा वेळ आणि एवढे हात एका टाकून दिलेल्या घरासाठी खर्ची पडलेत हे तळपायाला जाणवतं, कारण अनवाणी चालायचं असतं.

शाळांचं प्रकरण थोडं जड आहे. याच पट्ट्यातल्या मात्सुनोयामा भागात बंद पडलेल्या एका शाळेत फ्रेंच कलाकार क्रिस्तियां बोल्तान्स्की आणि प्रकाशयोजनाकार जां कालमां यांनी २००६ ला एक काम केलं. जिमखान्यात गवत पसरलेलं, पायाखाली मऊ, त्याचा वास, वर लटकणारे मंद बल्ब, जुने टेबलफॅन फिरतायत, त्याने बल्ब हलतात. वरच्या वर्गांमधे अंधार आणि हृदयाचे ठोके. बोल्तान्स्की तिथे भर बर्फात येऊन गेले होते आणि घरात कोंडलेला तो हिवाळा त्यांना आत आणायचा होता. काहींना हे फार आवडतं, काहींना भूतबंगला वाटतो. गावातल्या ज्यांनी तिथे बाराखडी गिरवली त्यांना काय वाटत असेल हा प्रश्न मला तरी सुटत नाही.

त्याच्या अगदी उलट हाची या वस्तीतली सानादा शाळा. २००५ ला बंद झाली तेव्हा शेवटची तीन मुलं उरली होती. मुलांच्या पुस्तकांचे चित्रकार सेइझो ताशिमा यांनी २००९ ला ती अख्खी शाळाच चित्रपुस्तक करून टाकली, वाहून आलेली लाकडं, रानातली फळं-बिया रंगवून वर्गावर्गात लटकवली, आणि गोष्टीतली पात्रं म्हणजे तीच शेवटची तीन मुलं. शाळेच्या आवारात बकऱ्या आहेत, कॅफे आहे. लहान मूल बरोबर असेल तर सगळ्यात आधी इथे जा, बाकी मोठ्या नावांचं नंतर.

मोठी नावं आहेतच. जपानी कलाकार यायोई कुसामा यांचं ठिपक्यांचं फूल मात्सुदाई स्टेशनजवळच आहे, फोटो काढा आणि पुढे व्हा. प्रकाशाशी खेळणारे अमेरिकी कलाकार जेम्स टरेल यांनी २००० साली केलेलं घर आहे, छप्पर सरकतं, सूर्य मावळताना आतले दिवे रंग बदलतात आणि आकाशाचा रंग आपल्याला भलताच दिसायला लागतो, रात्री राहायची सोय आहे. परफॉर्मन्स आर्टिस्ट मरीना अब्रामोविच यांच्या घरात खास पोशाख घालून पेटीसारख्या बिछान्यात झोपायचं आणि सकाळी पडलेलं स्वप्न वहीत लिहायचं, ते घर २०११ च्या भूकंपात मोडलं होतं, परत उभं केलं. आणि मग कियोत्सु दरीचा ७५० मीटरचा बोगदा. तो आधीपासून होता, दरड पडून माणूस गेला म्हणून दरीकाठची पायवाट बंद करून बांधलेला. २०१८ ला मा यानसोंग यांच्या चिनी आर्किटेक्ट कंपनीने त्याचं टोक असं केलं की जमिनीवर पातळ पाणी आणि त्यात समोरच्या दरीचं गोल प्रतिबिंब. इंस्टाग्रामवर तुम्ही तो नक्की बघितला असणार. आता गर्दीच्या दिवसांत आधी बुकिंग करावं लागतं. म्हणजे जो फेस्टिव्हल लोकांना पसरवायला काढला त्यातच एक ठिकाण असं झालं जिथे सगळे एकत्र घुसतात, फोटो घेतात आणि निघून जातात. वाटेतल्या गावाशी संबंध शून्य.

हे सगळं चालवतं कोण? सुरुवातीपासून कोहेबी-ताई नावाची स्वयंसेवकांची फौज आहे, नाव म्हणजे छोट्या सापांची टोळी. आधी बहुतेक टोक्योची कॉलेजची पोरं, गावात आली की लोक संशयाने बघायचे, दारं लावून घ्यायचे. मग तीच पोरं लावणीला उतरली, बर्फ उपसायला आली, आणि म्हाताऱ्यांनी त्यांना विळा कसा धरायचा ते शिकवलं. नंतर नंतर परदेशातूनही येतात, विशेषतः तैवान, हाँगकाँगकडून. २००८ ला एक बिगरसरकारी संस्था झाली, ती तीन वर्षांच्या मधल्या काळात सगळं सांभाळते. हे मधलं काम कोणाला दिसत नाही पण खरं काम तेच. फेस्टिव्हल काही आठवडे, बर्फ चार-पाच महिने. दोनशेच्या आसपास कलाकृती कायमच्या उघड्यावर किंवा जुन्या घरांत आहेत, बर्फ यायच्या आधी त्यांना झाकायचं, फळ्या ठोकायच्या, काही उचलून आत न्यायच्या, वसंतात परत मांडायच्या.

खाचरांसाठी २००३ पासून एक योजना आहे, शहरातला माणूस वर्षाला पैसे भरतो, त्याच्या वाट्याचं खाचर इथे कसलं जातं, तांदूळ त्याला जातो, हवं तर लावणी-कापणीला येऊन चिखलात पाय घालतो. आणि कसायला माणसं कमी पडतात म्हणून २०१५ ला त्यांनी काय केलं तर चक्क बायकांची फुटबॉल टीम काढली, एफसी एचिगो-त्सुमारी. खेळाडू इथेच राहतात, शेती करतात, मॅच खेळतात. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला थट्टा वाटली होती. पण नीट बघा, तरुण मुलींना डोंगरात येऊन राहायला एखादं खरं कारण देणं ही गोष्ट सरकारच्या किती योजनांना जमलीय?

पैसा? पहिल्या काळात मोठा भाग प्रांताच्या सरकारचा. पुढे नगरपालिका, केंद्राचं अनुदान, देणगीदार, तिकिटं असं मिळून. बेनेसे या कंपनीचे सोइचिरो फुकुताके मधे मोठा आधार झाले, तेच ज्यांनी नाओशिमा बेट कलेसाठी उभं केलं, आणि २०१० पासून कितागावांबरोबर सेतोउची समुद्रातल्या बेटांवर असाच फेस्टिव्हल सुरू केला. तो जास्त गाजला, कारण बेटं, बोटी, निळा समुद्र. डोंगरातला हा जरा कष्टाचा.

आता कळीचा प्रश्न, याने गावं वाचली का?

आकडे बघूया. पहिल्या वर्षी साधारण १ लाख ६० हजार लोक आले, २०१५, २०१८, २०२२ या तिन्ही वेळा पाच लाखांच्या वर. गावं २८ वरून शंभराच्या वर गेली, म्हणजे ज्यांनी आधी हाकललं त्यांनी नंतर स्वतःहून सांगितलं की आमच्याकडेही काहीतरी करा. हे झालं यश. दुसरीकडे तोकामाचीची लोकसंख्या २००५ ला ६२ हजार होती ती २०२० ला ५० हजारांच्या आत आली. पंधरा वर्षांत पाचातला एक माणूस कमी. हे फेस्टिव्हलचं पाप नाही, जपानच्या ग्रामीण भागात सगळीकडे हेच चाललंय, पण "कलेने गाव वाचवलं" असे जे लेख फिरतात ते हा आकडा सोयीस्करपणे गाळतात. गाव वाचवणं कलेच्या आवाक्यात नाहीच. तिने खाचरं काही वर्षं जास्त ओली ठेवली, काही घरांना छप्पर ठेवलं, काही शाळांना पुन्हा पोरांचा आवाज दिला, आणि सत्तरी-ऐंशीच्या माणसांना रोज नव्या माणसाला आपल्या गावाबद्दल सांगायची संधी दिली. माझ्या मते एवढं पुरेसं आहे, पण ज्याचे कराचे पैसे आहेत त्याला ते पुरेसं वाटेलच असं नाही.

टीका जपानमधेही भरपूर झाली. एक म्हणजे याचं बघून प्रांताप्रांतात आर्ट फेस्टिव्हलची साथ आली, टुरिझम वाढवायचा सोपा उपाय म्हणून, दोन हजार बैठका न घेता, कलाकार बोलवा आणि बोर्ड लावा. दुसरं, स्वयंसेवकांच्या फुकटच्या श्रमावर किती दिवस चालवायचं. तिसरी मला सगळ्यात पटते, की गावातल्या लोकांनी मिळून केलं, आजीबाईंनी हात लावला, असं म्हटलं की त्या कामाला कोणी वाईट म्हणू शकत नाही. आणि इथे वाईट कामंही आहेत हो, शंभर गावांत तीनशे कामं करायची म्हटल्यावर असणारच. चांगला हेतू आणि रटाळ शिल्प असं एकत्र नांदू शकतं.

आपल्याकडच्या लोकांसाठी एक धागा मात्र फार जवळचा आहे. याच तोकामाचीत, ट्रिएनालेच्या कितीतरी आधी, १९८२ मधे, तोकिओ हासेगावा यांनी डोंगरातल्या एका बंद पडलेल्या शाळेत मिथिला म्युझियम सुरू केलं. बिहारची मधुबनी चित्रं आणि आपल्या डहाणूकडची वारली चित्रं यांचा मोठा संग्रह तिथे आहे. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे, ज्यांना पुढे २०११ ला पद्मश्री मिळाली, ते तिथे जाऊन राहून चित्रं काढून आलेले. म्हणजे ट्रिएनालेसाठी जगभरची नावं इथे यायच्या आधी त्या बर्फात एक वारली माणूस तांदळाच्या पांढऱ्या रंगातली आपली भातशेती रंगवत होता, आणि बाहेरही भातच.

उलटा प्रवासही झालाय. काही जपानी मंडळींनी आधी बोधगयेजवळच्या सुजाता गावातल्या शाळेत वॉल आर्ट फेस्टिव्हल केला आणि मग डहाणू तालुक्यातल्या गंजाडला, म्हणजे म्हसेंच्याच भागात. शाळेच्या भिंतींवर जपानी, भारतीय आणि वारली चित्रकार एकत्र. फार लहान प्रमाणावर, पण तिथेही आधी गावाशी बोलणी, मग भिंत. आपल्याकडे असं काही करायचं ज्यांच्या मनात आहे त्यांनी कियोत्सुच्या बोगद्याचे फोटो बघण्यापेक्षा त्या बैठका कशा घेतल्या ते शोधावं. शिल्पकार मिळतील हो, ग्रामसभेत चार वर्षं बसणारा माणूस मिळवणं अवघड.

कोणाला जायचंच असेल तर थोडं कामाचं. २०२४ चा फेस्टिव्हल १३ जुलै ते १० नोव्हेंबर असा होता, तीन वर्षांच्या हिशोबाने पुढचा २०२७ ला. मधल्या वर्षांतही बऱ्याच कलाकृती हंगामाप्रमाणे उघड्या असतात आणि गर्दी नसते, मला विचाराल तर तेव्हाच जा. पासपोर्टसारखं तिकीट मिळतं, प्रत्येक ठिकाणी शिक्का मारायचा, २०२४ ला मोठ्यांसाठी ४५०० येन होतं. शिक्के गोळा करायच्या नादात दिवसाला पंधरा ठिकाणं करू नका, चार-पाच करा आणि कुठेतरी बसून जेवा. गाडी चालवणारा कोणी बरोबर असेल तर आंतरराष्ट्रीय लायसन्स घेऊन जा, बसवर फार भरवसा नको. जुलै-ऑगस्टला चांगलाच उकाडा असतो, ऑक्टोबर बरा. आणि मागच्या वेळी मंगळवार-बुधवार बहुतेक सगळं बंद होतं, तेवढं बघून मगच रेल्वेचं तिकीट काढा.